शुक्रवार मोकळा नसतो: कॉलेजच्या आवारातली हायस्कुलं आणि लहान आठवडा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांच्या) आवारात भरणाऱ्या हायस्कुलांविषयी, म्हणजे नववीपासूनची मुलं जिथे हायस्कूलबरोबर कॉलेजचे विषयही करतात त्या मिडल कॉलेज आणि अर्ली कॉलेजांविषयी, या वेळी बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा रोख एकच आहे: या शाळांना चार दिवसांचा आठवडा किंवा अर्धा दिवस चालवायची मुभा कशी मिळते, आणि ती मुलांच्या हिताची आहे का? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी आठवीत आहे. कम्युनिटी कॉलेजातल्या मिडल कॉलेजमध्ये तिचा नंबर लागलाय, पण तिथे शाळा सोमवार ते गुरुवारच भरते. हे कायद्यात बसतं का? वर्षाला पस्तीस-छत्तीस दिवस बुडणारच ना? – एक आई, मिशिगन

कायद्यात बसतं, पण त्यासाठी शाळेकडे चालू वर्षाची परवानगी हवी. मिशिगनमध्ये वर्षाला किमान १८० दिवस आणि १,०९८ तास शिकवावं लागतं. दोन्ही अटी एकाच वेळी लागू असतात. चार दिवसांचा आठवडा ३६ आठवडे चालवला तर दिवस भरतात १४४. त्यामुळे पहिली अट मोडणार हे उघडच आहे. राज्याच्या शाळा-अनुदान कायद्यात यासाठी सवलत ठेवलेली आहे. डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेने, अर्ज केला तर राज्याचं शिक्षण खातं एखाद्या वेगळ्या धाटणीच्या कार्यक्रमासाठी अट शिथिल करू शकतं, आणि त्यात चार दिवसांच्या आठवड्याचा नावानिशी उल्लेख आहे. हा अर्ज त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो. म्हणून 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' हे उत्तर पुरेसं धरू नका. परवानगीचं पत्र पाहायला मागा आणि सवलत नक्की कशात मिळाली आहे ते वाचा. तास तेवढेच ठेवून फक्त दिवस कमी केले असतील तर १,०९८ भागिले १४४, म्हणजे रोज ७ तास ३७ मिनिटं शिकवणं होतं. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी धरली तर सकाळी ८ वाजता सुरू झालेली शाळा दुपारी चारनंतर सुटेल. मुलीच्या वेळापत्रकात शाळा अडीचला सुटत असेल तर उरलेले तास कुठे मोजले आहेत, हे विचारायलाच हवं. तास कमी पडले तर डिस्ट्रिक्टचं अनुदान त्या प्रमाणात कापलं जातं. त्यामुळे हा हिशेब शाळेच्या कार्यालयात लिहिलेला असतोच, तो मागायला संकोच करू नका.

प्रत्येक राज्याची पट्टी वेगळी असते. ओहायोत सातवी ते बारावीचा हिशेब तासांवर चालतो, वर्षाला किमान १,००१. टेक्सासमध्ये मिनिटं मोजतात, वर्षाला ७५,६००. शिवाय तिथे लवचीक हजेरीची एक योजना आहे आणि अर्ली कॉलेजांना मंजुरी घेऊन तिच्यात जाता येतं. कॅलिफोर्नियात हायस्कूलचा दिवस किमान २४० मिनिटांचा असावा लागतो, पण अर्ली किंवा मिडल कॉलेजात शिकून कॉलेजचे वर्गही करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस १८० मिनिटांचा चालतो. तिथे आठवडा पाच दिवसांचाच दिसतो, पण हायस्कूल सकाळी तीन तासांत संपतं आणि पुढचा वेळ कॉलेजच्या वर्गांसाठी सुटतो.

म्हणून 'आमचा आठवडा लहान आहे' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा: कोणत्या अर्थाने लहान? तेच तास चार दिवसांत दाटून बसवले आहेत? हायस्कूलचे तास कमी करून त्या जागी कॉलेजचे वर्ग आले आहेत? की पाचवा दिवस 'घरून अभ्यास' म्हणून कागदावर दाखवला आहे? पहिल्या दोन प्रकारांत मूल शिकत असतं. तिसऱ्या प्रकारात त्या दिवशी कोण शिकवतं, काम कोण तपासतं आणि हजेरी कशी धरतात, याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय प्रवेशाच्या अर्जावर सही करू नका.

शाळा कॉलेजच्या आवारात आहे, एवढ्यासाठी आठवडा लहान का करावा लागतो? इमारत बदलली, वेळापत्रक का बदलायचं? – एक वडील, नॉर्थ कॅरोलायना

कारण त्या एका इमारतीत दोन घड्याळं चालतात. हायस्कूलची तासिका साधारण ५० मिनिटांची आणि प्रत्येक विषय रोज. कॉलेजचा तीन क्रेडिटचा विषय (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) आठवड्याला १५० मिनिटांचा असतो: सोमवार-बुधवार-शुक्रवार ५० मिनिटं, नाहीतर मंगळवार-गुरुवार ७५ मिनिटं. विज्ञानाचा विषय असेल तर वर दोन-तीन तासांची प्रयोगशाळा, तीही सलग. आता अकरावीतल्या मुलाने मंगळवार-गुरुवार साडेनऊचा कॉलेजचा वर्ग घेतला तर हायस्कूलच्या त्या वेळेतल्या दोन तासिका आठवड्यातून दोनदा बुडतात, म्हणजे वर्षभरात त्या विषयांचे पाचातले दोन तास हातचे गेले. हे दरवर्षी प्रत्येक मुलाच्या बाबतीत वेगळ्या विषयात घडतं. शिक्षकाला मग कोणताच धडा सगळ्या वर्गाला एकदम शिकवता येत नाही.

यातून वाट निघते ती लांब तासिकांची. समजा चार हायस्कूलचे विषय आणि दोन कॉलेजचे. सोमवारी आणि बुधवारी हायस्कूलचे चारही विषय, प्रत्येकी ८० मिनिटं. साडेआठला सुरू झालेली शाळा जेवणाची सुट्टी आणि वर्ग बदलायची मिनिटं धरून दोन-पस्तीसला सुटते. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी कॉलेजचे दोन वर्ग, दुपारी हायस्कूलच्या ८५ मिनिटांच्या दोन तासिका, एका दिवशी दोन विषय आणि दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. प्रत्येक हायस्कूल विषयाला आठवड्याला ८० अधिक ८० अधिक ८५, म्हणजे २४५ मिनिटं मिळतात. पाच दिवसांच्या शाळेत ती २५० असतात. फरक पाच मिनिटांचा! शुक्रवार इतक्या सहज सुटतो. शिवाय पुष्कळ कॉलेजांत शुक्रवारी दुपारी वर्ग विरळ असतात, म्हणून सुट्टीसाठी बहुधा तोच दिवस निवडतात.

खोल्यांचाही प्रश्न असतो. हायस्कूल त्या आवारात पाहुणं असतं, आणि कॉलेजच्या वर्गांना लागणाऱ्या खोल्या त्याला मिळत नाहीत. वर्षाची दिनदर्शिकाही जुळत नाही: कॉलेजचं सत्र वेगळ्या आठवड्यात सुरू होतं, वसंतातली सुट्टी वेगळ्या आठवड्यात येते, बर्फामुळे डिस्ट्रिक्ट शाळा बंद ठेवतं पण कॉलेज चालू असतं. अशा दिवशी कॉलेजच्या वर्गाला जायचंच असतं. प्राध्यापक डिस्ट्रिक्टची सुट्टी मानत नाहीत. दोन्ही दिनदर्शिका एकाच कागदावर उतरवून फ्रिजवर लावा आणि न जुळणारे दिवस लाल करा. पहिल्या सत्रातल्या बऱ्याचशा विनाकारण गैरहजेऱ्या एवढ्याने टळतात.

तुम्ही म्हणता तास भरतात. पण मी बेरीज केली, मुलगा आठवड्याला जेमतेम एकवीस तास वर्गात बसतो. बाकीचे तास गेले कुठे? – एक आई, वॉशिंग्टन राज्य

तुमची बेरीज बरोबर आहे, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. वरचंच वेळापत्रक घ्या. हायस्कूलची ९८० मिनिटं ३६ आठवडे, कॉलेजची ३०० मिनिटं दोन सत्रांचे मिळून ३० आठवडे. एकूण ४४,२८० मिनिटं, म्हणजे ७३८ तास. कोणत्याही राज्याच्या हजार-अकराशे तासांच्या अटीपेक्षा हे बरंच कमी आहे.

उरलेले तास क्रेडिटमध्ये दडलेले असतात. हायस्कूलचा वर्षभराचा विषय ५० मिनिटं रोज, १८० दिवस, म्हणजे १५० तासांचा. कॉलेजचा तीन क्रेडिटचा विषय १५ आठवड्यांत वर्गात भरतो फक्त साडेसदतीस तास. तरीही तुमच्या राज्यात कॉलेजची सत्र पद्धतीची तीन क्रेडिट किंवा तिमाही पद्धतीची पाच क्रेडिट हायस्कूलच्या पूर्ण एका क्रेडिटबरोबर धरतात. यामागे क्रेडिटची संघराज्य पातळीवरची व्याख्या आहे: वर्गातल्या प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर किमान दोन तासांचं काम. तीन क्रेडिटच्या विषयाचं आठवड्याचं काम झालं नऊ तास, पंधरा आठवड्यांचं १३५ तास. आता आकडा १५० च्या जवळ आला.

म्हणजे शाळेने जे तास वर्गातून काढले ते मुलाच्या टेबलावर नेऊन ठेवले आहेत. कॉलेजचे दोन विषय असले की वर्गाबाहेरचे बारा तास दर आठवड्याला. ते झाले तर लहान आठवडा पूर्ण आठवडा असतो. ते झाले नाहीत तर मुलाचं शिक्षण खरोखरच एक तृतीयांशाने कापलं गेलेलं असतं, आणि हे कोणाच्याही हजेरीपटावर दिसत नाही.

मग शुक्रवारी मुलाने करायचं काय? आम्ही दोघं नोकरीला. तो दुपारी बारापर्यंत झोपतो. – तेच घर, दुसरं पत्र

बारा तासांची वाटणी आधी ठरवून टाका. शुक्रवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि दुपारी दीड ते साडेतीन, असे पाच. सोमवारी आणि बुधवारी शाळा सुटल्यावर घरी येण्याआधी दीड-दीड तास, तेही कॉलेजच्या ग्रंथालयात बसून. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एकेक. रविवारी दोन. झाले बारा. हायस्कूलचा गृहपाठ याखेरीज असतो, म्हणून रविवारचे दोन तास वाढवायची तयारी ठेवा.

शक्य असेल तर शुक्रवारीही त्याला आवारातच जाऊ द्या. लेखन केंद्र, गणिताचं मदत केंद्र, प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळा, या सगळ्या गोष्टी तिथे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. मुलं त्या वापरत नाहीत, कारण हायस्कुलात शिक्षक स्वतःहून जवळ येऊन विचारतो आणि कॉलेजात आपणच उठून जायचं असतं. पहिली भेट सक्तीने घडवून आणा: सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन अभ्यासक्रमाच्या पत्रकातला एक तरी प्रश्न विचारून यायचा. त्यानंतर भीती मोडते.

घसरण कुठून सुरू होते हेही माहीत असू द्या. हायस्कुलात रोजच्या गृहपाठाचे थोडेथोडे गुण जमत राहतात. कॉलेजात पुष्कळदा तीन परीक्षा आणि एक निबंध एवढ्यावर श्रेणी ठरते. त्यामुळे पहिले चार-पाच आठवडे सगळं छान चाललंय असं घरी वाटतं आणि पहिल्या परीक्षेनंतर एकदम समजतं. दुसरी खोच मुदतींची. ऑनलाइन कामाची मुदत पुष्कळदा रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची असते, आणि मोकळा शुक्रवार हातात असलेलं मूल ते काम रविवारी रात्री दहाला उघडतं. शुक्रवारी पार्ट-टाइम नोकरी धरली की पाच तास कायमचे गेले. नोकरी करायचीच असेल तर शनिवारी.

एक मत स्पष्ट सांगावंसं वाटतं: नववीच्या मुलांना चार दिवसांचा आठवडा देऊ नये. नववीत कॉलेजचे विषय बहुधा नसतात किंवा एखादाच असतो, म्हणजे शुक्रवारी करायला कॉलेजचं काम नसतं आणि एकट्याने अभ्यास करायची सवयही लागलेली नसते. चांगल्या शाळा नववीला पाचही दिवस बोलावतात, दहावीला पाचव्या दिवशी शिकवणीचे गट ठेवतात आणि दिवस सोडतात तो अकरावीपासून. तुमची शाळा सरसकट सगळ्यांना सोडत असेल तर पालक सभेत हा मुद्दा काढाच.

वर्गात मुलगी नापास होतेय असं कळलं, म्हणून प्राध्यापकांना ईमेल केला. 'मला तुमच्याशी बोलता येणार नाही' एवढंच उत्तर आलं. ती सोळा वर्षांची आहे! – एक आई, टेक्सास

प्राध्यापक उद्धट नाहीत, ते कायदा पाळत आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा संघराज्य कायदा, फर्पा, असं सांगतो की विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की त्या नोंदींवरचे हक्क त्याचे स्वतःचे होतात, वय कितीही असो. हायस्कूलच्या नोंदींवरचा तुमचा हक्क मात्र ती अठरा वर्षांची होईपर्यंत शाबूत आहे. वाट याच फटीतून जाते. दोन्हीकडे नाव असलेल्या विद्यार्थ्याची माहिती कॉलेज आणि हायस्कूल एकमेकांना देऊ शकतात, आणि हायस्कूलकडे आलेली माहिती तुम्ही मागू शकता. म्हणून विचारायचं ते हायस्कूलच्या समुपदेशकाला. मुलगी करविवरणात तुमच्यावर अवलंबून दाखवलेली असेल तर कॉलेजही माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे मुलीने कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे माहिती देण्याचं संमतिपत्र भरून ठेवायचं. सत्र सुरू होण्यापूर्वीच भरा. नापास व्हायची वेळ आल्यावर मुलं ते भरायला तयार नसतात.

आणि प्राध्यापकांना पुढचा ईमेल मुलीनेच लिहावा. तुम्ही शेजारी बसा, पण शब्द तिचे असू द्या.

पहिल्याच सत्रात मुलाला केमिस्ट्रीत डी मिळाला. 'हायस्कूलचाच तर आहे, पुढे कोण बघतंय' असं त्याचं म्हणणं. खरं आहे का? – एक वडील, ओहायो

खरं नाही. ती श्रेणी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कायमच्या गुणपत्रकावर, गेली आहे. पुढे तो कोणत्याही कॉलेजात अर्ज करेल तेव्हा आधी जिथे-जिथे शिकला तिथली ट्रान्सक्रिप्ट मागतात. त्याला मेडिकलला जायचं असेल तर प्रकरण आणखी गंभीर आहे: मेडिकल प्रवेशाच्या सामाईक अर्जात हायस्कुलात असताना घेतलेले कॉलेजचे विषयही दाखवावे लागतात आणि त्यांच्या श्रेणी जीपीएत, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, धरतात. विज्ञानाची सरासरी तिथे वेगळी काढतात, म्हणजे सोळाव्या वर्षीची केमिस्ट्री बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर येते.

आर्थिक मदतीवरही परिणाम होतो. पुढे संघराज्याची मदत चालू राहायची तर विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक लागते, आणि त्यात घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केली हे पाहतात. तो त्याच कॉलेजात पुढे शिकला तर आत्ताचे अर्धवट सोडलेले विषयही त्या हिशेबात येतात.

म्हणून दोन तारखा पाठ हव्यात. पहिली नाव काढून घ्यायची: सत्राच्या सुरुवातीच्या काही दिवसांत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर त्याचा मागमूस राहत नाही. दुसरी माघार घ्यायची: त्या तारखेपर्यंत सोडलं तर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) लागतो, जीपीए वाचतो, पण क्रेडिट घेतल्यात मोजली जातात. त्यानंतर जे मिळेल ते पदरात. ओहायोच्या कॉलेज क्रेडिट प्लस योजनेत आणखी एक अट आहे. सरकारी शाळेतल्या मुलाला सरकारी कॉलेजचं शिक्षण, फी आणि पुस्तकं फुकट असतात, पण विषयात नापास झालं किंवा उशिरा सोडला तर डिस्ट्रिक्ट तो खर्च घरच्यांकडे मागू शकतं. तुमच्या मुलाला डी (पासातली सगळ्यांत खालची श्रेणी) आहे, एफ (नापास) नाही. पण पुढचा केमिस्ट्रीचा विषय घ्यायला बहुतेक ठिकाणी किमान सी लागतो. त्याने हाच विषय पुन्हा करावा, आणि त्या सत्रात कॉलेजचा दुसरा कोणताही विषय घेऊ नये.

साठ क्रेडिट घेऊन मुलगी निघाली तर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बसेल ना? – एक आई, मिशिगन

कदाचित, पण हे गृहीत धरून घरच्या पैशांचं नियोजन करू नका. क्रेडिट स्वीकारलं जाणं वेगळं आणि ते पदवीच्या कामी येणं वेगळं. साठपैकी साठ स्वीकारली आणि त्यातली वीस 'ऐच्छिक' या रकान्यात गेली, असं इंजिनीअरिंगच्या मुलांचं फार होतं. गणित आणि भौतिकशास्त्राची साखळी पहिल्या पायरीपासूनच चढावी लागते. राज्यातल्या सरकारी संस्थांमध्ये करार असतात. मिशिगनचा ट्रान्सफर करार ३० क्रेडिटचा आहे. कॅलिफोर्नियात कोणता विषय कुठे चालतो ते असिस्ट या संकेतस्थळावर विषयवार पाहता येतं. खासगी आणि राज्याबाहेरची विद्यापीठं मात्र स्वतःचं ठरवतात, आणि हायस्कूलच्या पदविकेसाठी (हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी) वापरलेली क्रेडिट काही जण मोजतच नाहीत. अकरावीत विषय निवडतानाच दोन-तीन संभाव्य विद्यापीठांची पानं उघडून ताडून घ्या.

मिशिगनच्या अर्ली कॉलेजांत पाचवं वर्ष असतं. काहींना ते वाया गेल्यासारखं वाटतं, पण त्याचा एक उपयोग आहे: त्या काळात मूल कागदोपत्री हायस्कूलचंच असतं. हायस्कूल संपण्याआधी घेतलेल्या क्रेडिटमुळे बहुतेक विद्यापीठांत प्रवेशासाठी ते 'पहिल्या वर्षाचं'च राहतं, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करू शकतं. पदविका घेतल्यावर नियमित सत्रात कॉलेजला नाव घातलं की 'ट्रान्सफर'च्या रांगेत उभं राहावं लागतं. आणि एक: सर्वसाधारणपणे हायस्कुलात नाव असेपर्यंत पेल अनुदान (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी संघराज्याची मदत) मिळत नाही, म्हणून पाचव्या वर्षाचा खर्च डिस्ट्रिक्ट उचलतं की नाही हे लेखी घ्या.

आम्ही एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहोत, मुलगा एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर. त्याला हे सगळं करता येईल का? – एक वडील, टेक्सास

शिकता येईल. एच-४वरच्या मुलाला हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. अडतं ते कामात. काही अर्ली कॉलेजांत, विशेषतः उद्योगांशी जोडलेल्या पी-टेक पद्धतीच्या शाळांत, पगारी इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग असते आणि मोकळा शुक्रवार त्यासाठीच ठेवलेला असतो. एच-४वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. एच-४वर मिळणारा कामाचा परवाना जोडीदारांसाठी आहे, मुलांसाठी नाही. शाळेला हे ठाऊक नसू शकतं. प्रवेशावेळीच सांगा आणि त्या तासांच्या बदल्यात दुसरं काय करता येईल ते ठरवून घ्या. 'बिनपगारी चालेल' असं कोणी म्हटलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा रकाना असतो. क्रमांक नसेल तर तो रिकामा सोडा, काल्पनिक आकडे घालू नका. कॉलेज स्वतःचा विद्यार्थी क्रमांक देतं. आपल्याकडच्या नावांमुळे आणखी एक घोळ होतो: पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, शाळेच्या नोंदीत ते गाळलेलं, कॉलेजच्या अर्जात पुन्हा घातलेलं. मग एकाच मुलाच्या दोन नोंदी तयार होतात आणि क्रेडिट हायस्कूलच्या खात्यात पोहोचतच नाहीत. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव द्या, अगदी स्पेलिंगसकट. आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो हे ध्यानात ठेवून विषयांची आखणी करा. दोन वर्षांची क्रेडिट आधीच हातात असणं अशा मुलांसाठी खरोखर मोलाचं आहे.

आमच्या गावातलं सगळंच डिस्ट्रिक्ट चार दिवसांवर जातंय. कॉलेज वगैरे काही जवळपास नाही. हेही तसंच चांगलं का? – एक पालक, मिसूरी

नाही, या दोन गोष्टी एकत्र धरू नका. डिस्ट्रिक्ट चार दिवसांवर जातं ते बहुधा पैशांसाठी आणि शिक्षक मिळावेत म्हणून. पैसे फारसे वाचत नाहीत, कारण सगळ्यांत मोठा खर्च पगारांचा आणि तो तसाच राहतो. अशा डिस्ट्रिक्टांच्या पाहणीत प्रत्यक्ष बचत एकूण खर्चाच्या ०.४ ते २.५ टक्के एवढीच आढळली. ओरेगॉनमधल्या अभ्यासात गणित आणि वाचनाचे गुण थोडे उतरले, आणि शिकवण्याचा वेळ कमी झाला हे त्याचं मोठं कारण होतं.

कॉलेजच्या आवारातली हायस्कुलं वेगळ्या पायावर उभी आहेत. पहिलं मिडल कॉलेज १९७४ साली न्यू यॉर्कमधल्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात सुरू झालं, तेही शाळेत मागे पडू शकणाऱ्या मुलांसाठी. अर्ली कॉलेजांत सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात पाहणी संपेपर्यंत अर्ली कॉलेजच्या २२ टक्के मुलांच्या हाती कॉलेजची पदवी होती, बहुतेकांकडे दोन वर्षांची; सोडतीत नाव न लागलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. ही किमया सुट्टीच्या दिवसाची नव्हे, त्या दिवसाच्या जागी आलेल्या कॉलेजच्या कामाची आहे. तुमच्याकडे पाचव्या दिवशी काय येणार आहे, हे स्कूल बोर्डाला विचारा.

शुक्रवारी शाळेची बस आणि जेवण मिळतं का? – दोन पत्रं

शाळा भरत नसेल तर बहुधा नाही. फुकट किंवा सवलतीच्या जेवणावर घर अवलंबून असेल तर गुरुवारी शिधा घरी द्यायची सोय आहे का ते विचारा. कॉलेजच्या विद्यार्थी ओळखपत्रावर शहराच्या बसमध्ये फुकट प्रवास पुष्कळ ठिकाणी मिळतो. ते कार्ड पहिल्याच आठवड्यात काढून घ्या.

मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आहे, शाळेत आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी आखलेला विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा, आहे. कॉलेजच्या वर्गात तो चालेल ना? – एक आई, कॅलिफोर्निया

आपोआप चालत नाही, आणि इथेच मुलं फार अडकतात. हायस्कुलात शाळेने गरज ओळखून सोय करायची असते. कॉलेजात मात्र विद्यार्थ्याने स्वतः अपंगत्व सेवा कार्यालयात जाऊन मागायची असते. परीक्षेला जादा वेळ, ध्वनिमुद्रित पुस्तकं, टिपणं घ्यायला मदत, हे सहसा मिळतं. विषयाचा मजकूर कमी करणं किंवा परीक्षा सोपी करणं मिळत नाही, मग आयईपीत ते लिहिलेलं असलं तरी. कार्यालय अलीकडची चाचणी मागू शकतं, म्हणून शाळेची पुढची फेरतपासणी लांब असेल तर ती आधी करून घ्यायची विनंती लेखी द्या. सत्राच्या तीन-चार आठवडे आधी वेळ घ्या. मंजुरीचं पत्र प्रत्येक सत्रात नव्याने काढावं लागतं आणि ते प्रत्येक प्राध्यापकाला मुलानेच द्यायचं असतं. झालेल्या परीक्षेला ते मागून लागू होत नाही. मोकळ्या शुक्रवारी शाळेतल्या विशेष शिक्षकाची भेट आयईपीतच लिहून घेता येते. बैठकीत ती दिवस आणि मिनिटांसकट नोंदवायला सांगा, नाहीतर चार दिवसांच्या आठवड्यात सगळ्यांत आधी तीच गळते.